जुळ्यातल्या एकाचे ठोके थांबले, दुसरं बाळ वाढतंय: आता काय करायचं?

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. वय 29, पहिलीच खेप. सातव्या आठवड्यात डोंबिवलीला सोनोग्राफी झाली तेव्हा दोन सॅक (गर्भाभोवतीची आवरणं) होत्या आणि दोन्हींत ठोके होते. घरातल्या लग्नासाठी साडेनऊ आठवड्यांना त्या एसटीने गावी आल्या. तिसऱ्या दिवशी तपकिरी डाग दिसले म्हणून चिपळूणला सोनोग्राफी केली. एका बाळाची लांबी 32 मिलिमीटर, ठोके उत्तम. दुसऱ्याची 16 मिलिमीटर, ठोके नाहीत. सासूबाईंना वाटतं, खड्ड्यांतल्या प्रवासानं झालं. शेजारच्या काकू म्हणतात, पिशवी साफ करून घे, नाहीतर विष पसरेल. घरातले बाकीचे म्हणतात, एक आहे ना, मग रडतेस कशाला. ताईंना जाणून घ्यायचं आहे की त्यांचं काय चुकलं, उरलेलं बाळ नीट राहील का, क्युरेटिंग (पिशवी साफ करणं) लागेल का आणि पुढच्या तपासण्या नेहमीसारख्याच करायच्या का.

ताई, सगळ्यात निकडीचं आधी सांगते. पिशवी साफ करायची नाही. क्युरेटिंग नाही, गर्भपाताच्या गोळ्या नाहीत, अंगावरचं मोकळं व्हावं म्हणून कुणी काढा सुचवला तर तोही नाही. तुमच्या पोटात एक जिवंत बाळ आहे. पिशवी साफ करताना थांबलेला गर्भ तेवढा निवडून काढता येत नाही, जिवंत बाळही जातं. आणि तो काढायची गरजही नसते. एवढ्या लहान गर्भातलं पाणी आणि पेशी शरीर हळूहळू शोषून घेतं. पुढच्या काही आठवड्यांत सोनोग्राफीत ती सॅक लहान, चपटी होत गेलेली दिसेल आणि मग बहुतेक वेळा दिसेनाशी होईल.

विष पसरण्याची भीती आमच्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात असते. काकू तुमच्या काळजीनंच बोलल्या, पण तसं होत नाही. कुजायला जंतू लागतात. गर्भ बंद आवरणात असतो, तिथवर बाहेरचे जंतू पोचत नाहीत, म्हणून तो कुजत नाही, विरून जातो. तुमच्या दुसऱ्या बाळाचं आवरण वेगळं, पाणी वेगळं. त्याला यातून काही लागण होत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्याकडे पहिली सोनोग्राफी मुंबई-ठाण्याकडे, दुसरी चिपळूण-रत्नागिरीला आणि बाळंतपण माहेरी, असं अनेकींचं होतं. कागद तिकडे राहतात. समजा गावी रात्री अंगावरून जास्त गेलं आणि तुम्हाला जवळच्या दवाखान्यात नेलं. सोबतच्या माणसानं घाईत 'मूल गेलंय' एवढंच सांगितलं, तर ऐकणाऱ्याचा समज काय होईल? म्हणून हे वाक्य तुम्हीही पाठ करा आणि घरातल्या सगळ्यांकडून करून घ्या: "जुळं होतं, एकाचे ठोके थांबलेत, दुसरं बाळ जिवंत आहे, काहीही करण्याआधी सोनोग्राफी करा." हे फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवा.

डोंबिवलीचा तो पहिला रिपोर्ट तर आता तुमच्या फाईलमधला सगळ्यात मोलाचा कागद आहे. का, ते पुढे येईलच. आजच त्याचा आणि त्यासोबतच्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढा, यजमानांना आणि बहिणीला पाठवून ठेवा. जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात कितीतरी घरांतल्या फायलींचा लगदा झाला. शिवाय सोनोग्राफीचा फोटो उष्णतेवर छापणाऱ्या कागदावर असतो. उन्हात, गरम जागी ठेवला तर काही वर्षांत उडतो, आणि लॅमिनेशन केलंत तर यंत्राच्या उष्णतेनं तिथल्या तिथे काळा पडतो. हौसेनं लॅमिनेट केलेले काळे कागद बायका मला आणून दाखवतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

आता तुमचं काय चुकलं. काहीही नाही. हे मी समजूत घालायला म्हणत नाही, तुमचाच चिपळूणचा रिपोर्ट ते सांगतो. दहा आठवड्यांचा गर्भ डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत साधारण 31-32 मिलिमीटर असतो. तुमचं जिवंत बाळ 32 आहे, म्हणजे अगदी तारखेबरहुकूम. थांबलेलं 16 मिलिमीटर आहे, हे माप साधारण आठ आठवड्यांचं. तुम्ही एसटीत बसलात साडेनऊ आठवड्यांना. प्रवासापर्यंत ते बाळ वाढत असतं तर त्याची लांबी 27-28 मिलिमीटरच्या आसपास असायला हवी होती. थांबल्यावर गर्भ थोडा आकसतो, त्यामुळे नेमका दिवस सांगता येत नाही, पण तीन दिवसांत निम्म्यावर येत नाही. तुम्ही डोंबिवलीहून निघालात त्याच्या आधीच, बहुधा बरेच दिवस आधी, त्याची वाढ थांबली होती. सासूबाईंना हे दोन आकडे रिपोर्टवर बोट ठेवून दाखवा. महामार्गाच्या खड्ड्यांनी कंबर दुखते, वाढतं बाळ थांबत नाही.

मग का थांबलं? या दिवसांत गर्भ थांबण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्याच्या गुणसूत्रांतला दोष. बीज जुळतं त्या वेळीच, किंवा पेशी पहिल्यांदा विभागतात तेव्हा, एखादं गुणसूत्र कमी किंवा जास्त पडतं. असा गर्भ काही आठवडे वाढतो आणि थांबतो. कधी वारेला, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाला, नीट जागा मिळालेली नसते. यातलं काहीही तुमच्या खाण्याशी, उठण्याबसण्याशी, जिना चढण्याशी जोडलेलं नाही. जुळं केळं खाल्लं म्हणून जुळं राहिलं आणि पपईची फोड खाल्ली म्हणून एक गेलं, हे दोन्ही खरं नाही. तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेकींच्या मनात असतं म्हणून सांगते: त्या रात्री नवऱ्याजवळ आलात म्हणूनही नाही, सुरुवातीला 'आता दोन-दोन कशी सांभाळायची' असं मनात आलं म्हणूनही नाही.

हे अगदी विरळाही नाही. सुरुवातीच्या सोनोग्राफीत दिसलेल्या जुळ्यांपैकी साधारण 20 ते 30 टक्के वेळा पहिल्या तीन महिन्यांत एक थांबतं. वयाच्या तिशीनंतर आणि टेस्ट ट्यूबच्या उपचारांनंतर हे जास्त दिसतं. पूर्वी सातव्या आठवड्यात कुणी सोनोग्राफी करत नव्हतं, म्हणून हे कळतच नसे. चार दिवस डाग दिसायचे, थांबायचे आणि नवव्या महिन्यात एक बाळ यायचं. रिपोर्टवर 'व्हॅनिशिंग ट्विन' असं लिहिलेलं दिसेल, ते हेच.

आता उरलेल्या बाळाचं. इथे सगळं एका गोष्टीवर ठरतं: दोघांची वार वेगळी होती की एकच. डोंबिवलीच्या रिपोर्टमध्ये 'डायकोरिऑनिक' हा शब्द किंवा 'डीसीडीए' ही अक्षरं शोधा. तसं असेल तर वारा दोन, रक्ताचे मार्ग दोन. एकाचं थांबणं दुसऱ्याच्या रक्तापर्यंत पोचत नाही. 'मोनोकोरिऑनिक' किंवा 'एमसीडीए' असेल तर वार एकच. शब्द लिहिलेला नसेल तर फोटो तरी दाखवा. सातव्या आठवड्यात दोन सॅकमधली जाड भिंत स्पष्ट दिसते आणि अनुभवी डॉक्टर फोटोवरूनही सांगू शकतात. आणखी महिन्याभरानं ती सॅक चपटी झाली की हे ओळखणं कठीण जाईल, म्हणून म्हटलं की तो कागद मोलाचा. तुम्ही दोन सॅक असं लिहिलं आहे, त्यावरून वारा दोन असाव्यात असं दिसतं, पण रिपोर्ट बघून पक्कं करून घ्या. एक गैरसमज इथेच काढते. एकसारखी दिसणारी जुळी म्हणजे वार एकच, असं नसतं. बीज फार लवकर विभागलं तर एकसारख्या जुळ्यांनाही दोन वारा असतात.

एकच वार असली तर काय होतं ते तुमच्या शेतावरून सांगते. भाताचे दोन कुणगे (खाचरं) आहेत आणि मधल्या बांधाला वाट ठेवलेली आहे. एका कुणग्याचा बाहेरचा बांध फुटला की दुसऱ्यातलं पाणीही त्या वाटेनं उतरतं. एका वारेवरच्या दोन बाळांच्या रक्तवाहिन्या अशाच आतून जोडलेल्या असतात. एकाचं हृदय थांबलं की तिथला दाब पडतो, जिवंत बाळाचं रक्त तिकडे उतरतं, आणि त्याच्या मेंदूला काही वेळ रक्त कमी पडू शकतं. हा धोका मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढचा आहे. साडेतीन महिन्यांनंतर एका वारेतलं एक बाळ गेलं तर दुसरंही जाण्याची शक्यता शंभरात साधारण 15, आणि वाचलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात मेंदूच्या वाढीवर परिणाम दिसतो. वारा वेगळ्या असल्या तर हेच आकडे दोन-तीन टक्क्यांवर येतात. हे तुमच्यासाठी नाही, पण तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणी वाचत असतील आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात असं झालं असेल, तर त्यांनी तालुक्याला थांबू नये. गर्भस्थ बाळांच्या तपासणीतले तज्ज्ञ असलेल्या मोठ्या केंद्रात जावं, मग ते कोल्हापूर असो, पुणे, मुंबई किंवा सिंधुदुर्गातून जवळ पडणारं गोवा. तिथे डॉपलरनं (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीनं) जिवंत बाळाला रक्तक्षय झालाय का ते पाहतात आणि काही आठवड्यांनी लागल्यास मेंदूचा एमआरआय करतात. घाबरून बाळ लगेच बाहेर काढणं हा त्यावरचा उपाय नसतो. झालेली इजा त्यानं भरून येत नाही आणि वर अपुऱ्या दिवसांचं बाळ हातात येतं.

तुमचं दहाव्या आठवड्यातलं आहे. वारा वेगळ्या, जिवंत बाळाची वाढ तारखेबरोबर, ठोके चांगले: असं असलं की ते बाळ पुरे दिवस भरून नीट जन्माला येण्याची शक्यता खूप चांगली असते. एवढ्या लवकर थांबलेल्या भावंडामुळे उरलेल्या बाळात सहसा व्यंग येत नाही. काही अभ्यासांत अशी बाळं थोडी लवकर किंवा वजनानं थोडी कमी जन्मलेली दिसली आहेत, त्यातही एक गर्भ उशिरा थांबला असेल तर जास्त. म्हणून मी नेहमीच्या सोनोग्राफींशिवाय 28 व्या आठवड्याला आणि मग 32 ते 34 मध्ये वाढीची सोनोग्राफी करून घ्यायला सांगते. सिझेरियन केवळ या कारणासाठी लागत नाही.

तपासण्यांत मात्र फरक पडतो आणि इथे अनेकींना विनाकारण घाबरवलं जातं, म्हणून जरा नीट वाचा. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान एनटी सोनोग्राफी आणि डबल मार्करची रक्ततपासणी सांगतात. थांबलेल्या गर्भाची वार लगेच बंद पडत नाही, ती काही आठवडे रक्तात आपली द्रव्यं सोडत राहते. डबल मार्करमध्ये मोजतात ती द्रव्यं वारेतूनच येतात, त्यामुळे आकडे फसवे येऊ शकतात. बाळाच्या मानेमागचं पाणी, म्हणजे एनटी, मात्र त्या एकट्या बाळाचं असतं, त्यावर विश्वास ठेवता येतो. थांबलेला गर्भ अजून दिसत असेल तर एनटी आणि तुमचं वय यांवरूनच धोका काढणं जास्त बरोबर. चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या क्वाड्रपल मार्करचंही तसंच, त्यातला एएफपी नावाचा आकडा यामुळे वाढलेला दिसू शकतो आणि बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष आहे की काय अशी शंका निघते. हल्ली शहरांत एनआयपीटी ही महाग तपासणीही सुचवतात. ती आईच्या रक्तात फिरणारे वारेचे डीएनएचे तुकडे वाचते, आणि थांबलेल्या गर्भाचे तुकडे त्यात कित्येक आठवडे राहतात. तो गर्भ गुणसूत्रांच्या दोषामुळेच थांबला असेल, तर त्याचा दोष जिवंत बाळाच्या नावावर लागू शकतो. रक्त द्याल तिथल्या फॉर्मवर 'जुळं होतं, एक आठ आठवड्यांच्या सुमारास थांबलं' हे लिहायलाच लावा. आणि एखादा रिपोर्ट 'हाय रिस्क' आला तरी एका कागदावर कोणताही निर्णय घेऊ नका, आधी समुपदेशन आणि मग गरज असेल तर बाळाभोवतीच्या पाण्याची तपासणी. एनटीच्या वेळी माप जिवंत बाळाचंच घेतलंय ना आणि प्रसूतीची तारीख त्यावरूनच धरलीय ना, तेही विचारा.

तुमचा रक्तगट तुम्ही लिहिलेला नाही. तो निगेटिव्ह असेल आणि यजमानांचा पॉझिटिव्ह, तर अंगावरून जातंय हे डॉक्टरांना लगेच सांगा. अँटी-डीचं इंजेक्शन आत्ता हवं का, हे आठवडे आणि रक्तस्राव पाहून ठरतं. 28 व्या आठवड्याचं इंजेक्शन तर ठरलेलंच आहे.

तपकिरी डाग आठ-पंधरा दिवस दिसू शकतात, काहींना काहीच दिसत नाही. मळमळ थोडी कमी झाली तर त्यानंही दचकू नका, एका वारेची द्रव्यं कमी होत असतात. डाग आहेत तोवर हंडे उचलणं, शेतातलं वाकून करायचं काम आणि संबंध टाळा. पण दिवसभर उताणं पडून राहायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यानं गर्भ टिकतो असं दिसलेलं नाही, उलट पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. घरातली हलकी कामं, अंगणात फिरणं चालू द्या. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या असतील तर सांगितल्याप्रमाणे घ्या, फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवा. खाण्यात पेज, नाचणी, कुळीथ, पालेभाजी, बांगडा, तारली सगळं चालतं. मोरी (शार्क) मात्र गरोदरपणात नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

तासाला एक पॅड भिजू लागलं, गाठी पडल्या, पोटात कळा थांबेनात, ताप 100.4 च्या वर गेला, अंगावरून घाण वास येऊ लागला किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. गुहागरहून चिपळूण 40-45 किलोमीटर आहे, पावसात रात्री वेळ लागतो, हे धरून आधीच निघा.

आता रडण्याबद्दल. ही एवढी गोष्ट घरच्यांना वाचून दाखवा.

'एक आहे ना' हे वाक्य कृपा करून बोलू नका. तिला ते माहीत आहे. तिनं सातव्या आठवड्यात पडद्यावर दोन ठोके पाहिले, घरी येईपर्यंत मनात दोन पाळणे बांधले, आणि त्यातला एक रिकामा झाला. जिवंत बाळाचा आनंद आणि गेलेल्याचं दुःख एकाच वेळी एकाच पोटात आहेत. आनंद करावा तर गेलेल्याशी बेइमानी वाटते, रडावं तर असलेल्याचा अपशकुन वाटतो. रडल्यानं पोटातल्या बाळाला काही होत नाही. तिला रडू द्या, तिच्याजवळ बसा. काय बोलावं सुचत नसेल तर 'आम्हालाही वाईट वाटतंय' एवढं पुरे. आणि कुणाचा तरी दोष शोधायचं थांबवा, तिचा नाही, एसटीचा नाही, पायगुणाचा तर नाहीच.

ताई, तुम्हाला ते दुसरं बाळ लक्षात ठेवायचं असेल तर ठेवा. विसरायचं असेल तर तेही तुमचंच. काही जणी मनात नाव ठेवतात, काही तुळशीपाशी दिवा लावतात, काही पुढे मोठ्या झालेल्या लेकराला सांगतात की तू पोटात आलास तेव्हा सोबत कुणीतरी होतं. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालावंसं वाटलं तर जरूर घाला, त्यानं मन हलकं होतं. फक्त कडक उपास, पोटात घ्यायचा अंगारा आणि अनोळखी झाडपाला नको. सासूबाई सातव्या महिन्यात ओटी भरायची म्हणाल्या, तर मोकळ्या मनानं भरून घ्या. यजमान डोंबिवलीला एकटे आहेत, त्यांनीही ते दोन ठोके पाहिलेत. पुरुष फोनवर 'तू जप' म्हणून गप्प होतात आणि बाईला वाटतं याला काहीच वाटलं नाही. एकदा सरळ विचारा, तुला कसं वाटतंय.

दोन आठवडे उलटले तरी झोप येत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगूच नये असं वाटू लागलं, तर हे अंगावर काढायचं नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या डॉक्टरांनाही हे सांगा, ती डागांइतकीच सांगण्यासारखी तक्रार आहे.

पुढची पावलं अशी धरा. डॉक्टरांनी आधी बोलावलं नसेल तर दहा-पंधरा दिवसांनी ठोके पाहायला एकदा जा. बारा-तेराव्या आठवड्यात एनटी, 18 ते 20 मध्ये व्यंगांची सोनोग्राफी. प्रत्येक वेळी डोंबिवलीचा आणि चिपळूणचा, दोन्ही रिपोर्ट सोबत न्या. एनटीच्या दिवशी एकट्या जाऊ नका, यजमानांना रजा काढायला सांगा. त्याच पडद्याकडे पुन्हा पाहणं तुम्हाला जड जाईल, म्हणून आत जाण्याआधीच डॉक्टरांना सांगून ठेवा की आधी ठोके ऐकवा, बाकीचं मोजमाप नंतर.